जुना मोबाईल रिसायकल करायचा तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा फोन घेतला की जुना खणात जातो, 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून. तो बहुधा कधीच लागत नाही. दोन-तीन वर्षांनी त्याचा चार्जर सापडत नाही, चालू होतो की नाही तेही आठवत नाही, आणि मग तो फेकवतही नाही नि कुणाला देववतही नाही. अशा फोनबद्दल लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात त्याची उत्तरं इथे आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे नुसतं 'हो' किंवा 'नाही' म्हटलं असतं तर ते पूर्ण खरं नसतं.

एवढ्याशा फोनमध्ये जपण्यासारखं असतं तरी काय?

रसायनशास्त्राच्या पुस्तकातला आवर्तसारणीचा तक्ता आठवा. त्यातली पन्नासहून अधिक मूलद्रव्यं तुमच्या खिशात मावतात. सर्किट बोर्डवर तांब्याचं जाळं असतं. जिथे दोन भाग एकमेकांना टेकतात त्या टोकांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, कारण सोनं गंजत नाही आणि वर्षानुवर्षं वीज नीट वाहू देतं. जोडणीत चांदी असते, बारीक कपॅसिटरमध्ये पॅलेडियम आणि टँटलम. बोटाचा स्पर्श ओळखणारा पडदा इंडियम आणि कथील यांच्या ऑक्साइडमुळे काम करतो; हा थर वीज वाहतो आणि तरी आरपार दिसतो. स्पीकरमध्ये आणि फोन थरथरवणाऱ्या मोटरमध्ये निओडिमियमचे चुंबक असतात. बॅटरीत लिथियम, कोबाल्ट आणि ग्रॅफाइट.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा एक हिशोब नेहमी सांगितला जातो: दहा लाख फोन रिसायकल केले तर सुमारे १६ टन तांबं, ३५० किलो चांदी, ३४ किलो सोनं आणि १५ किलो पॅलेडियम हाती लागू शकतं. हा हिशोब जुन्या धाटणीच्या फोनवरून काढलेला आहे आणि प्रत्येक मॉडेलमध्ये प्रमाण वेगळं असतं. पण खणात पडलेले फोन जुन्या धाटणीचेच असतात, म्हणून हा आकडा इथे चपखल बसतो.

म्हणजे एका फोनमध्ये सोनं नावापुरतंच. मग माझ्या एका फोनने काय फरक पडणार?

वरच्या हिशोबाने एका फोनमध्ये ३४ मिलिग्रॅम सोनं येतं. डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकं. एकट्या फोनमधून ते काढायला गेलात तर खर्च आणि धोकाच जास्त, म्हणून घरी तसला प्रयोग कधीही करू नका.

आता हेच खाणीशी ताडून पाहा. बॅटरी काढलेले साधारण नऊ हजार फोन म्हणजे एक टन वजन, आणि त्यात ३०० ग्रॅमच्या आसपास सोनं. सोन्याच्या खाणीतून एक टन खडक उपसला तर त्यात पुष्कळदा १ ते ५ ग्रॅम सोनं मिळतं, आणि तेवढ्यावर खाण चालवणं परवडतं. म्हणजे जुन्या फोनचा ढीग हा खडकापेक्षा कितीतरी पटींनी श्रीमंत 'खनिज' आहे. शहरी खाण हा शब्द यातूनच आला. अडचण एवढीच, की ही खाण एका डोंगरात नसून लाखो घरांच्या खणांत विखुरलेली आहे. ती गोळा झाली तरच तिला अर्थ येतो.

गोळा झाली तर काय होतं ते टोकियोच्या ऑलिंपिकने दाखवलं. जपानमध्ये एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात लोकांनी आपली जुनी उपकरणं आणून दिली. एकूण सुमारे ७९ हजार टन उपकरणं जमली आणि त्यांत ६२ लाखांहून अधिक मोबाईल होते. त्यातून ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य निघालं. टोकियो ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकची मिळून सुमारे ५,००० पदकं या धातूची होती. धावपटूच्या गळ्यातल्या पदकात कुणाच्यातरी बंद पडलेल्या फोनचा अंश होता, हे मला फार मोलाचं वाटतं. ज्याने तो दिला त्यालाही एकाच फोनचा काय उपयोग असं वाटलंच असेल.

खाणी आहेत, धातू मिळतोय. मग जुन्या फोनमधून काढायचा खटाटोप कशाला?

कारण हे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं आहे, आणि त्या पळण्याची किंमत दुसरेच मोजतात.

जगात खाणीतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी ७० टक्क्यांच्या आसपास एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो. त्यातला काही भाग हाताने खणलेल्या, आधार नसलेल्या बिळांसारख्या खड्ड्यांतून निघतो, आणि तिथे लहान मुलं राबताना आढळली आहेत. सोन्याचं म्हणाल तर छोट्या, हातखणीच्या खाणींत खनिजातून सोनं वेगळं करायला पारा वापरतात. माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा स्रोत याच खाणी आहेत. तो पारा नदीत उतरतो, माशांत साठतो आणि मासे खाणाऱ्यांपर्यंत पोहोचतो. मोठ्या खाणींत पाऱ्याऐवजी सायनाइड असतं आणि उपसलेल्या दगडमातीचे डोंगर मागे राहतात.

ऊर्जेचा फरकही मोठा आहे. ॲल्युमिनियम खनिजापासून बनवायला जितकी ऊर्जा लागते, त्यापेक्षा जुनं वितळवून परत वापरायला सुमारे ९५ टक्के कमी लागते. तांब्याचीही बचत भरघोस आहे. शिवाय तांबं किंवा सोनं कितीही वेळा शुद्ध केलं तरी त्याची प्रत उतरत नाही. एकदा जमिनीतून काढलेलं सोनं पुन्हा पुन्हा वापरता येतं, मग ते खणात कुजवत का ठेवायचं?

फोन माझा, खण माझा. तिथे पडला तर बिघडतं काय?

पडून राहिल्यामुळे तीन गोष्टी होतात.

पहिली, त्याचा दुसऱ्या कुणाला उपयोग होण्याची संधी निघून जाते. दोन वर्षांचा फोन कुणीतरी आनंदाने आणखी तीन वर्षं वापरेल. सात वर्षांच्या फोनवर नवी ॲप चालत नाहीत, सुरक्षेचे अपडेट बंद झालेले असतात, आणि मग तो फक्त सुट्या भागांपुरता उरतो. फोन द्यायचाच असेल तर लवकर द्यावा.

दुसरी, बॅटरी झोपून राहिली तरी म्हातारी होते. पूर्ण उतरलेली बॅटरी वर्षानुवर्षं तशीच ठेवली तर आतली रचना बिघडते, काही बॅटऱ्या फुगतात.

तिसरी गोष्ट आकड्यांची. ई-कचऱ्यावर काम करणाऱ्या वीई फोरम या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ साली अंदाज दिला होता, की त्या एका वर्षात सुमारे ५३० कोटी फोन वापरातून बाहेर पडतील. त्यातले बरेचसे कचऱ्यातही जात नाहीत आणि रिसायकलिंगलाही जात नाहीत, घरातच राहतात. आणि तेवढेच धातू नव्या फोनसाठी पुन्हा जमिनीतून उपसले जातात.

सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला तर?

नका टाकू. कचरागाडीत कचरा दाबला जातो. त्यात लिथियम बॅटरी चिरडली की आतले दोन थर एकमेकांना टेकतात, क्षणात प्रचंड उष्णता तयार होते आणि आग लागते. कचरागाड्यांना आणि कचरा वेगळा करणाऱ्या केंद्रांना अशा आगी जगभर लागतात, आणि तिथे काम करणारी माणसं त्यात होरपळतात. 

फोन जुना असेल तर आणखी एक कारण आहे. युरोपने १ जुलै २००६ पासून उपकरणांतलं शिसं, पारा, कॅडमियम वगैरेंवर कडक मर्यादा घातल्या आणि त्यानंतर जगभरचे उत्पादक हळूहळू शिसं नसलेल्या डाखाकडे (सोल्डरकडे) वळले. त्याआधीच्या फोनमध्ये शिशाचा डाख असण्याची शक्यता दाट. असा फोन कचरा डेपोत वर्षानुवर्षं भिजत पडला तर ते शिसं पाण्यात उतरू शकतं.

भंगारात दिला तरी शेवटी तो रिसायकलच होतो ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर द्यायला मला सगळ्यांत जड जातं, कारण भंगार गोळा करणारी माणसं नसती तर कितीतरी वस्तू सरळ उकिरड्यावर गेल्या असत्या. दोष त्यांचा नाही. प्रश्न आहे तो फोन पुढे कुठे जातो याचा.

साधनं नसलेल्या ठिकाणी तांबं मिळवायला वायरी उघड्यावर जाळतात, सर्किट बोर्ड शेगडीवर तापवून भाग सुटे करतात आणि सोन्यासाठी ते तीव्र ॲसिडमध्ये बुडवतात. वापरलेलं ॲसिड गटारात किंवा नदीत जातं. चीनमधलं ग्वीयू हे गाव अनेक वर्षं अशा कामाचं मोठं केंद्र होतं. तिथल्या मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण जास्त असल्याचं तपासण्यांतून दिसलं. घानाच्या राजधानीतल्या आग्बोग्ब्लोशी इथे तरुण पोरं जळत्या वायरींच्या काळ्या धुरात उभी राहून काम करायची. २०२१ मध्ये तो भंगारबाजार हटवला गेला, पण काम शहराच्या इतर भागांत पांगलं.

आणि इतकं सोसून हाती लागतं ते थोडंच. ॲसिडच्या पद्धतीत सोन्याचा बराच अंश वाया जातो, पॅलेडियम आणि दुर्मिळ धातू तर जवळपास सगळेच. चांगल्या कारखान्यात तोच बोर्ड गेला असता तर धातूही जास्त मिळाला असता आणि कुणाची फुप्फुसंही जळली नसती.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या फक्त २२.३ टक्क्यांची रीतसर गोळा करून रिसायकल केल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराच असाच उघड्यावर संपतो.

माझा जुना फोन अजून नीट चालतो. तो रिसायकल करू का?

नाही. निदान आत्ता नाही.

फोनमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा सर्वांत मोठा वाटा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो. चार्जिंगला लागणारी वीज त्यामानाने किरकोळ. म्हणून चालता फोन आणखी दोन वर्षं कुणाच्यातरी हातात राहिला, तर तो फोडून धातू काढण्यापेक्षा त्याचा फायदा मोठा. बॅटरी लवकर उतरते एवढीच तक्रार असेल तर बॅटरी बदला. काच तडकली असेल तर काच बदला. तुम्हाला नको असेल तर घरात, ओळखीत कुणाला द्या, किंवा विका. यातलं काहीच शक्य नसेल तेव्हा रिसायकलिंग. युरोपीय संघाने तर १८ फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक लहान उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता येतील अशा असाव्यात, असा नियम केला आहे. पूर्वीच्या फोनचं मागचं झाकण नखाने उघडायचं, ते आठवत असेल.

रिसायकलिंग केंद्रात फोनचं नेमकं काय करतात?

आधी निवड होते. चालणारे किंवा थोडक्यात दुरुस्त होणारे फोन बाजूला काढतात. काही फोनचे कॅमेरे, पडदे, बोर्ड सुटे भाग म्हणून वापरले जातात.

मग बॅटरी काढतात, आणि ही पायरी चुकवता येत नाही, कारण बॅटरीसकट फोन यंत्रात गेला तर आग ठरलेली. बहुतेक ठिकाणी हे काम माणसंच करतात. ॲपलने २०१८ मध्ये डेझी नावाचा रोबो दाखवला, तो तासाला २०० आयफोन सुटे करू शकतो, पण त्याला ठरावीक मॉडेलच कळतात. हजार तऱ्हांचे फोन एकत्र आले की माणसाच्या हाताला अजून तोड नाही.

काढलेल्या बॅटऱ्या वेगळ्या कारखान्यात जातात. तिथे त्या सुरक्षित वातावरणात दळून काळी भुकटी तयार करतात आणि तिच्यातून रसायनांच्या मदतीने कोबाल्ट, निकेल, लिथियम वेगळे करतात.

उरलेल्या फोनचे तुकडे होतात. चुंबकाने लोखंड उचललं जातं, ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक वेगळं होतं. सर्किट बोर्ड जातात भट्टीत, आणि इथलं तंत्र मला नेहमी थक्क करतं. हजार अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत वितळलेलं तांबं सोनं, चांदी, पॅलेडियम यांना आपल्यात ओढून घेतं. नको असलेले पदार्थ मळीसारखे वर तरंगतात. जळणाऱ्या प्लास्टिकमधून विषारी वायू निघतात, म्हणून धूर शुद्ध करणारी यंत्रणा भट्टीइतकीच महत्त्वाची, आणि नेमकी तीच उघड्यावरच्या कामात नसते. मग त्या तांब्याच्या जाड पाट्या ओतून विद्युत अपघटन करतात, म्हणजे त्या द्रावणाच्या टाकीत बुडवून वीज सोडतात. शुद्ध तांबं एका पाटीवर चढत जातं आणि टाकीच्या तळाशी गाळ साचतो. तो गाळ म्हणजे खरा खजिना, कारण सोनं-चांदी त्यातच असते. बेल्जियममध्ये होबोकेन इथल्या उमिकोर कंपनीच्या कारखान्यात अशा पद्धतींनी १७ धातू परत मिळवले जातात.

भट्टीशिवायच्या पद्धतीही येत आहेत. ब्रिटनच्या रॉयल मिंटने २०२४ मध्ये वेल्समध्ये एक कारखाना सुरू केला, तिथे सर्किट बोर्डमधलं सोनं साध्या तापमानाला रासायनिक द्रावणाने सोडवलं जातं.

म्हणजे फोनमधलं सगळं परत मिळतं?

नाही. तांबं, सोनं, चांदी, पॅलेडियम चांगल्या प्रमाणात मिळतात. बॅटरीतला कोबाल्ट मिळतो. पण निओडिमियम, टँटलम, इंडियम यांसारखे धातू इतक्या बारीक प्रमाणात आणि इतके विखुरलेले असतात, की ते बहुतेकदा भट्टीतल्या मळीत हरवतात. २०२४ च्या त्याच अहवालात म्हटलं आहे, की जगाची दुर्मिळ मृदा धातूंची (निओडिमियम हा त्यांतलाच) जेमतेम १ टक्का गरज ई-कचऱ्याच्या रिसायकलिंगमधून भागते.

हे मी मुद्दाम सांगते, कारण 'जुना रिसायकल केला, आता नवा घ्यायला हरकत नाही' असं अनेकांना वाटतं. रिसायकलिंगने नुकसान कमी होतं, भरून निघत नाही.

माझे फोटो, बँकेचं ॲप, संदेश कुणाच्या हाती लागले तर?

भीती रास्त आहे आणि फोन खणात अडकून राहण्याचं हेच मोठं कारण असावं. पण अर्धा तास दिला तर ती मिटते. क्रम मात्र पाळा.

आधी जे हवं ते सगळं दुसरीकडे घ्या: फोटो, संपर्क, चॅटचा बॅकअप. लॉग-इनसाठी कोड देणारं ॲप या फोनवर असेल तर ते नव्या फोनवर सुरू करून पाहा, नाहीतर रीसेटनंतर स्वतःच्याच खात्याबाहेर राहाल. त्यानंतर फोनमधल्या गुगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडा. ही पायरी लोक सर्रास विसरतात. खातं तसंच राहिलं तर रीसेटनंतरही फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो, चोरीविरुद्धच्या कुलुपामुळे. मग धडधाकट फोनही कुणाला वापरता येत नाही आणि तो फोडावा लागतो. शेवटी ई-सिम असेल तर काढून टाका, फॅक्टरी रीसेट करा आणि सिम कार्ड व मेमरी कार्ड हाताने बाहेर काढा. मेमरी कार्ड विसरू नका, रीसेटने ते पुसलं जाईलच असं नाही.

अलीकडच्या जवळपास सर्व फोनमध्ये माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असते आणि रीसेट करताना तिची किल्लीच नष्ट होते, त्यामुळे उरलेल्या माहितीचा अर्थ लावता येत नाही. फार जुना अँड्रॉइड असेल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन एन्क्रिप्शन सुरू करा आणि मग रीसेट करा.

फोन सुरूच होत नाही, मग माहिती कशी पुसू?

बऱ्याचदा फक्त बॅटरी किंवा पडदा गेलेला असतो. दुरुस्ती करणारा तात्पुरती बॅटरी लावून तो सुरू करून देऊ शकतो. तेही जमत नसेल तर साठवणीची चिप यंत्रात दळून नष्ट करणाऱ्या आणि तसा दाखला देणाऱ्या केंद्रात द्या. हातोडा किंवा ड्रिल घेऊन स्वतः फोडू नका. बॅटरीला भोक पडलं तर ती हातातच पेटेल.

बॅटरी फुगली आहे. काय करू?

चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. वास येत असेल किंवा फोन गरम लागत असेल तर लांब व्हा. एरवी तो वाळू असलेल्या धातूच्या डब्यात, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि केंद्राला आधी फोन करून तशी कल्पना द्या. टपालाने किंवा कुरियरने अजिबात पाठवू नका.

चार्जर, केबल, इअरफोन पण देता येतात का?

हो. केबलमध्ये चांगलं तांबं असतं. चालणारी केबल मात्र आधी घरात वापरून घ्या.

योग्य केंद्र कसं ओळखायचं?

सरकारी यंत्रणेने परवानगी दिलेल्या रिसायकलरची यादी पाहा, ती बहुतेक देशांत प्रदूषण किंवा पर्यावरण विभागाकडे असते. अनेक उत्पादक आणि विक्रेते स्वतःही जुने फोन परत घेतात. आर-टू आणि ई-स्टुअर्ड्स ही दोन प्रमाणपत्रं अनेक देशांत चालतात. आणि सरळ विचारा: बॅटऱ्या कुठे जातात? माहिती कशी नष्ट करता? माल परदेशात जातो का? १ जानेवारी २०२५ पासून, घातक कचरा देशोदेशी पाठवण्याबद्दलच्या बाझेल या आंतरराष्ट्रीय करारानुसार, ई-कचरा दुसऱ्या देशात पाठवायचा तर त्या देशाची आधी संमती घ्यावी लागते. प्रामाणिक केंद्राला हे प्रश्न खटकत नाहीत.

मोबदला मिळतो का?

चालत्या फोनचा मिळतो, बंद फोनचा क्वचित आणि थोडा. बंद फोनसाठी कुणी फारच जास्त देऊ करत असेल तर तो पुढे काय करतो ते विचारा.

फोन गेलेल्या माणसाचा आहे. देववत नाही.

हे ऐकलं की मी घाई करायला कधीच सांगत नाही. त्या फोनमध्ये त्यांचा आवाज असतो, अर्धवट लिहिलेले संदेश असतात, शेवटचे फोटो असतात. पण हे सगळं त्या बॅटरीच्या आधारावर आहे आणि बॅटरी थांबून राहत नाही. त्यामुळे फोन सुरू होतोय तोवर एक दिवस बसा, शक्यतो एकट्याने बसू नका. व्हॉइस मेसेज, रेकॉर्डिंग, फोटो, व्हिडिओ सगळं दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा आणि ते उघडतं आहे ना, ते तपासा. पासवर्ड माहीत नसेल तर फोन रीसेट करू नका; आधी गुगल किंवा ॲपलकडे वारसांसाठी असलेली अर्जाची सोय पाहा.

एवढं झाल्यावर फोन द्यावासा वाटला तर द्या. नाहीच वाटलं, तर दुरुस्ती करणाऱ्याकडून बॅटरी काढून घ्या आणि फोन जवळ ठेवा. बॅटरी तेवढी केंद्रात पोहोचवा.